मधुमेहाचे प्रकार : नामकरणाचा इतिहास

रोगनिदान हे प्रथमतः एक नामकरणच असते. गेल्या वर्षी प्रस्तुत लेखकास तपासणीनंतर जो कागद मिळाला, त्यावर 'मधुमेह, प्रकार २' एवढाच मजकूर होता. यांतील शब्द चरकसंहितेइतका जुना. अंक मात्र १९९७ नंतर सर्वमान्य झालेला. हा शब्द व हा अंक एकत्र कसे आले, याचा शोध भाषेच्या अभ्यासकास तर उद्बोधक आहेच. परंतु ज्याच्या नावापुढे तो अंक लिहिला गेला, त्यालाही तो निरुपयोगी नाही.

'मेह' हा शब्द 'मिह्' म्हणजे सिंचन करणे या धातूपासून झाला. मूत्रोत्सर्गवाचक लॅटिन 'मिंगेरे' हे क्रियापदही त्याच मूळ धातूचे. चरकाने प्रमेहाचे वीस भेद सांगितले आहेत : कफज दहा, पित्तज सहा व वातज चार. मधुमेह हा वातज चारांपैकी एक. सुश्रुताच्या यादीत त्याच्या जागी 'क्षौद्रमेह' येतो, आणि क्षौद्र म्हणजेही मधच. उदकमेह, इक्षुमेह इत्यादी नावे पाहता वर्गीकरणाचे तत्त्व स्पष्ट होते : मूत्राचा वर्ण, रुची व घनता, म्हणजेच इंद्रियांना प्रत्यक्ष जाणवणारे लक्षण. यावरून प्रमेह आणि आजचा मधुमेह हे समानार्थी मानणे युक्त नाही, हेही ध्यानात येईल. मराठीत तर 'प्रमेह' या शब्दाचे 'परमा' हे रूप गुप्तरोगाचे वाचक झाले. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय.

चिकित्सास्थानात सुश्रुताने आणखी एक विभागणी केली आहे : सहज व अपथ्यनिमित्तज. पहिल्याचा रोगी प्रायः कृश, दुसऱ्याचा प्रायः स्थूल. येथे दृष्टी मूत्रावरून देहाकडे व कारणाकडे वळली, हे या विभागणीचे महत्त्व. आजचे पहिला व दुसरा हे प्रकार सुश्रुतास ठाऊक होते असे यावरून प्रतिपादण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु 'सहज' म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला. आणि आजच्या ज्ञानानुसार आनुवंशिकतेचा प्रभाव पहिल्या प्रकारापेक्षा दुसऱ्यातच अधिक आढळतो. साम्य आहे ते निरीक्षणाचे, संकल्पनेचे नव्हे.

युरोपातही क्रम असाच दिसतो. 'डायबेटिस' या ग्रीक शब्दात आरपार वाहून जाण्याची कल्पना आहे. कॅपाडोशियाच्या आरेटियसने इ. स. च्या दुसऱ्या शतकात या रोगाचे वर्णन केले. १६७४ मध्ये टॉमस विलिसने मूत्राच्या माधुर्याची नोंद केली आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉबसनने रक्तद्रवही गोड असल्याचे दाखविले. १८८० मध्ये लान्सरो या फ्रेंच वैद्याने पुन्हा कृश व स्थूल असेच दोन भेद केले. १८८९ मध्ये फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर हा रोग उद्भवतो असे सिद्ध केले. आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. तोवर अशा मुलांच्या बाबतीत निदान आणि मृत्यू यांत फारसे अंतर नसे.

औषध मिळाल्यावर नावेही औषधावरून पडू लागली. हिम्सवर्थने १९३६ मध्ये इन्शुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे असे रोगी वेगळे केले. १९७९ च्या अमेरिकी वर्गीकरणात 'इन्शुलिनावलंबी' व 'इन्शुलिन-अनवलंबी' ही नावे स्थिर झाली. त्यांतील दोष लवकरच उघड झाला : अनवलंबी म्हणविल्या गेलेल्या रोग्यास पुढे इन्शुलिन लागले, तर त्याला काय म्हणावयाचे? म्हणून १९९७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी उपचारवाचक नावे सोडून अंक स्वीकारले, आणि तेही रोमन नव्हेत, कारण रोमन दोन हा अकरा असा वाचला जाण्याचा संभव होता. पहिल्या प्रकारात शरीराची संरक्षकयंत्रणाच इन्शुलिन निर्मिणाऱ्या पेशींचा नाश करते. दुसऱ्यात इन्शुलिनचा परिणाम मंदावतो व त्याचा पुरवठाही क्रमशः अपुरा पडतो. गर्भावस्थेतील मधुमेह व एकाच जनुकातील दोषामुळे होणारे भेद यांहून निराळे.

अंकांनीही प्रश्न मिटला नाही. १९९३ मध्ये पुण्याजवळील खेड्यांत सुरू झालेल्या माता-पोषणविषयक अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, तेथील नवजात अर्भके इंग्लंडमधील अर्भकांहून वजनाने पुष्कळ हलकी, परंतु त्यांच्यातील चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. कृश आणि स्थूल एकाच देहात नांदू शकतात, हा त्याचा अर्थ. कुपोषणजन्य मधुमेहाचे तर नावच हरवले होते : जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये ते मान्य केले, १९९९ मध्ये वगळले, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'प्रकार ५' म्हणून पुन्हा स्थान दिले. मधल्या काळात रोगी होतेच. त्यांच्यासाठी शब्द नव्हता.

या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच की, प्रकाराचे नाव म्हणजे त्या त्या काळच्या ज्ञानाचा संक्षेप. रोग्याचे भवितव्य नव्हे. प्रौढ व सडपातळ रोग्यास सवयीने दुसऱ्या प्रकारात घातले, तर त्याच्या इन्शुलिनला विलंब होतो. उलट, दुसऱ्या प्रकाराच्या रोग्यास इन्शुलिन सुरू झाले, तर त्याचा प्रकार बदलत नाही आणि त्याने काही अपराध केला असेही ठरत नाही. म्हणून हाती आलेल्या त्या कागदाविषयी पहिला प्रश्न 'आता माझे काय होणार' हा स्वाभाविक असला, तरी अधिक फलदायी प्रश्न दुसराच आहे : हे नाव मला कोणत्या पुराव्यावरून दिले गेले? प्रस्तुत लेखकाने डॉक्टरांना तो विचारला, आणि त्यांनी आणखी एक तपासणी करण्यास सांगितले.