आधी गिळ, मग बोल

ऑनसाईटला लंडनमध्ये असताना एका पबमध्ये 'बिटर' मागवली. पहिल्याच घोटाला निकाल दिला, "कोमट, गॅस गेलेली!" सोबतचा इंग्रज सहकारी नुसता हसला.

मंडळी, चूक बिअरची नव्हती, मापाची होती. मी तिला आपल्याकडच्या थंडगार लागरच्या मापाने मोजत होतो. पिंपातून हातपंपाने ओढलेली ही एल 10 ते 13 अंशांनाच प्यायची असते. फार थंड केली तर माल्टचा वास आणि गोडवा दबतो.

मग इतिहास चाळला. 1820 च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप आणि बास लंडनच्या हॉजसनशी स्पर्धा करत भारतात पेल एल धाडू लागले. लांबच्या समुद्रप्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त. तिकडेही ही कडवट चव रुजली आणि पुढे पबमधले लोक पेल एललाच 'बिटर' म्हणू लागले. म्हणजे माझ्या ग्लासातल्या कडूपणाचं आपल्याशी जुनं नातं निघालं!

तुळजापूरला पाडव्याला आजी कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर हातावर ठेवते. मी तोंड वाकडं केलं की म्हणते, "आधी गिळ, मग बोल."

दुसरा ग्लास तसाच प्यायलो. कडूमागून बिस्किटासारखी गोडी आली. निकाल बदलला.

असो. आजीला मात्र तिच्या शिकवणीचा हा उपयोग अजून सांगितलेला नाही.