तळटीप : ‘काट्याच्या टोकाची परदेशी स्टेशने’

‘काट्याच्या टोकाची परदेशी स्टेशने’ : म्हणजे ख्रिस्ती मिशनची रेडिओ केंद्रे. या प्रकाराची सुरुवात इक्वेडोरमधल्या क्विटोत, १९३१च्या नाताळात झाली. आकाशवाणी सरकारी, तिथे धर्मप्रसाराला वेळ मिळत नसे. म्हणून भारतासाठीचे कार्यक्रम देशाबाहेरून येत. सेशेल्स बेटांवरून ‘फेबा’ हे मिशनचे केंद्र १९७० ते २००३ शॉर्टवेव्हवर होते. ट्रान्स वर्ल्ड रेडिओचे मीडियमवेव्ह केंद्र श्रीलंकेत पुत्तलमला, ८८२ किलोहर्ट्झवर. पुत्तलमपासून लेखक रेडिओ ऐकत असे त्या पांढरकवड्यापर्यंतचे अंतर तेराशे किलोमीटरहून अधिक. दिवसा मीडियमवेव्हच्या लहरी आकाशातल्या खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या लांबवर पोचतात. लेखकाला हे आवाज रात्रीच्या जेवणानंतरच ऐकू येत, ते यामुळे. अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचा मार्ग तर याहून लांबचा: पुण्यातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपण थेट प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरून.

लेखकाने हे सारे ‘परक्यांचे’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. ते मला पटत नाही. ऐकणारे इथलेच होते: यवतमाळात १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पांढरकवड्याजवळ उमरीला मिशनचे रुग्णालय आहे. विखुरलेल्या गावांत एकदोन घरांपुरत्या उरलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या भाषेतली उपासना घरबसल्या ऐकता येणे ही मोठी गोष्ट होती, आणि निरक्षर श्रोत्याला तर छापील पुस्तिकेपेक्षा रेडिओच जवळचा.