उठलेलीं माणसें आणि इंग्रजी शब्द

आंबेगांव तालुक्यास ज्या गांवावरून नांव मिळालें, तें जुनें गांव आज डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुका मात्र त्याच नांवानें चालतो, व त्याची कचेरी घोडेगांवीं आहे. कुकडी प्रकल्पांतील हें धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घोड नदीवर झालें. त्यामुळें जीं माणसें हललीं त्यांस काय म्हणावें, हा प्रश्न दिसतो तितका केवळ शब्दांचा नाहीं. आमचे कायदे अद्यापि पुष्कळसे इंग्रजींतच विचार करितात. सबब कोणास काय मिळावयाचें हें बहुधा इंग्रजी शब्द ठरवितो.

स्थलांतराचे हे शब्द वरवर सख्खे भाऊ भासतात. 'मायग्रेट' हें क्रियापद अकर्मक. जाणारा आपल्या पायांनीं जातो, मग त्यास भुकेनें कां ढकललें असेना. म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईस गिरणींत गेले ते ह्या अर्थानें. १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाच्या मोटारीखालीं त्यांचा अंत झाला. डिंभ्याच्या जलाशयास आज त्यांचेंच नांव आहे. 'डिस्प्लेस' हें सकर्मक. हलविणारा असल्यावांचून कोणी 'डिस्प्लेस्ड' होत नाहीं. फाळणीनंतर तर दिशेवरूनही शब्द बदलला. १९५० च्या कायद्यांत येथून निघून गेलेला तो 'एव्हॅक्युई', आणि १९५४ च्या कायद्यांत तिकडून आलेला तो 'डिस्प्लेस्ड'. पहिल्याची मालमत्ता सरकारच्या ताब्यांत गेली व दुसऱ्याच्या भरपाईस लागली.

महाराष्ट्रानें १९७६ सालीं जो कायदा केला, त्याच्या नांवांत 'डिस्प्लेस्ड' व 'रीसेटलमेंट' हे शब्द होते. १९८६ च्या कायद्यांत त्यांच्या जागीं 'अफेक्टेड' व 'रिहॅबिलिटेशन' आले. १९९९ च्या कायद्यानेंही तेच ठेविले. हा बदल सर्वस्वी वाईट नव्हे. ज्याचें घर वांचलें पण शेत बुडालें तो हललेला नसतो, बाधित मात्र असतो. आणि दुसरीकडे नेऊन बसविणें म्हणजे पुन्हां पायांवर उभें करणें नव्हे. परंतु 'अफेक्टेड' म्हटलें कीं हलविणारा दिसेनासा होतो. माणूस महापुरानें 'अफेक्टेड' होतो, पटकीनेंही होतो. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यांतील 'औस्टी' हा शब्द कानास कर्कश खरा, पण ह्यांना कोणी तरी घालवून दिलें एवढें तो कबूल करितो. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानें 'रिहॅबिलिटेशन' व 'रीसेटलमेंट' हीं दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं मांडून तो तंटा मिटविला.

गंमत अशी कीं, आम्हीं 'अफेक्टेड'चें मराठी केलें तें 'प्रकल्पग्रस्त'. ग्रस्त म्हणजे गिळलेला. ग्रहणांत चंद्र असतो तसा. मवाळ शब्दाचें भाषांतर मुळाहून खरें उतरण्याचा योग विरळाच.

डिंभ्यास मात्र ह्यांपैकीं एकही शब्द नीट बसत नाहीं. महादेव कोळ्यांचीं पुष्कळ कुटुंबें लाभक्षेत्रांत गेलींच नाहींत. पाणी चढलें तशीं तीं डोंगरावर सरकलीं. जलाशय ओसरून जी जमीन उघडी पडते तींत तीं पीक घेतात, व भरल्या पाण्यांत मासे धरतात. ह्या कामीं त्यांस हात देणाऱ्या 'शाश्वत' संस्थेस २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. गांव उठलें, पण माणसें आपल्याच बुडालेल्या शेतांच्या कांठीं राहिलीं. अशा हालचालीसाठीं वरील एकाही कायद्याच्या नांवांत शब्द नाहीं.