नासाकोटरांचा कर्करोग : प्रतिमाचित्रणाने निदानाचा इतिहास

नासागुहा व तिच्या भोवतालच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्या (नासाकोटरे) यांत उद्भवणारी मारक अर्बुदे शोधण्यासाठी आणि त्यांचा विस्तार ठरविण्यासाठी निरनिराळ्या प्रतिमाचित्रण तंत्रांचा उपयोग करतात. हा कर्करोग विरळा असून सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. तो बहुधा नासागुहेत व गालाच्या हाडातील कोटरात आढळतो. कोटर पोकळ असल्यामुळे अर्बुदाला आतल्या आत वाढण्यास वाव मिळतो व दीर्घकाळ केवळ सर्दीसारखीच लक्षणे दिसतात. एकच नाकपुडी चोंदणे, रक्तमिश्रित स्राव येणे, गाल बधिर होणे, वरचे दात हलणे, डोळा पुढे येणे ही लक्षणे एकत्र दिसू लागेपर्यंत रोगाने पुष्कळदा कोटराची भिंत ओलांडलेली असते. या पोकळ्या व नेत्रखाच यांमध्ये कागदासारखे पातळ हाड असते आणि नाकाच्या छतापलीकडे लगेच मेंदू असतो. म्हणून न उघडता आत पाहता येणे हे येथे विशेष महत्त्वाचे ठरले.

क्ष-किरणांचे पर्व : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर थोड्याच वर्षांत नासाकोटरांची छायाचित्रे घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. कवटीच्या इतर हाडांची सावली कोटरांवर पडत असल्याने डोके कोणत्या कोनात ठेवावे, हा मुख्य प्रश्न होता. अमेरिकन क्ष-किरणतज्ञ यूजीन कॉल्डवेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी एक स्थिती सुचविली. १९१५ मध्ये चार्ल्स वॉटर्स व वॉल्ड्रन यांनी गालातील कोटर स्पष्ट दिसेल अशी दुसरी स्थिती सांगितली. या दोन्ही स्थिती त्यांच्या नावांनीच ओळखल्या जातात. स्वतः कॉल्डवेल १९१८ मध्ये क्ष-किरणांच्या दुष्परिणामांमुळे मृत्यू पावले.

स्वीडनमधील ओएनग्रेन यांनी १९३३ मध्ये डोळ्याचा आतील कोपरा व खालच्या जबड्याचा कोन यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा मांडली. तिच्या वर व मागे वाढणारी अर्बुदे खालच्या व पुढच्या अर्बुदांपेक्षा अधिक घातक असतात, असे त्यांनी दाखविले. रोगाचे नेमके स्थान समजण्याची गरज त्यावरून अधोरेखित झाली. परंतु साध्या छायाचित्रात साचलेला स्राव, सुजलेली श्लेष्मकला व अर्बुद ही तिन्ही सारखीच धूसर दिसत. झिजलेले हाड दिसले म्हणजे संशय बळावे. तोवर मात्र रोग पुढे गेलेला असे.

छेदचित्रणाचे पर्व : गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडन येथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. सीटी स्कॅन या नावाने परिचित झालेल्या या संगणकीय छेदचित्रणात पातळ छेद घेतले जात असल्याने सावल्या एकमेकींवर पडत नाहीत. नेत्रखाचेची भिंत व कवटीचा तळ यांतील बारीक झीजही त्यामुळे दिसू लागली.

एमआरआय म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने पुढची उणीव भरून काढली. पीटर सोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले की, पाण्याचा अंश अधिक असलेली सूज व स्राव विशिष्ट प्रकारच्या चित्रांत ठळक पांढरे दिसतात, तर पेशींनी दाटलेली बहुतेक अर्बुदे मध्यम करडी दिसतात. त्यामुळे अर्बुद कोठे संपते व मागे अडकलेला स्राव कोठे सुरू होतो, हे सांगता येऊ लागले. वाळून घट्ट झालेला स्राव मात्र येथेही फसवितो. गालाच्या तंत्रिकेच्या वाटेने कवटीत शिरणारा रोगही याच तंत्राने उत्तम दिसतो.

महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबई येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले आणि १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र परळ येथे स्थापन झाले. या केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित होऊन पेट चित्रण सुरू झाले. किरणोत्सर्गी शर्करासदृश द्रव्य अर्बुदात साठते, या तत्त्वावर आधारलेले हे चित्रण लसीका ग्रंथींतील प्रसार व उपचारानंतर उलटलेला रोग शोधण्यास उपयुक्त ठरते. विदर्भात नागपूर येथे राष्ट्रसंत तुकडोजी यांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचे १९६८ मध्ये कर्करोगानेच निधन झाले होते.

मर्यादा : प्रतिमा विस्तार सांगते, रोगाचे नाव मात्र ऊतकाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली जीवोतक परीक्षाच निश्चित करते. कोविड-१९ च्या साथीत २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे पुष्कळ रुग्ण आढळले. ही बुरशीही कोटराचे हाड कुरतडते व डोळ्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे तिच्या व कर्करोगाच्या प्रतिमा एकमेकींशी मिळत्याजुळत्या दिसू शकतात. दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न असल्याने केवळ चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते.

दुसरी मर्यादा यंत्राची नसून वेळेची आहे. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर यासारख्या शेतीप्रधान तालुक्यातील रुग्णाला विशेष उपचारांसाठी बहुधा अमरावती, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. पेरणी वा कापूस वेचणीच्या दिवसांत नाक चोंदल्याची तक्रार सहज पुढे ढकलली जाते. सव्वाशे वर्षांत प्रतिमा सावलीपासून सूक्ष्म छेदापर्यंत पोहोचली. तथापि ती कधी घ्यावी हे आजही गावातील डॉक्टरच प्रथम ठरवितो. दीर्घकाळ एकाच बाजूचे नाक बंद राहणे व त्यातून रक्त येणे, एवढी खूण त्यासाठी पुरेशी समजावी.