व्हेंटिलेटर नको म्हणणे पाप आहे का? कॅथलिक कुटुंबांसाठी माहिती

आजार बरा होण्यापलीकडे गेला की नातेवाइकांना प्रश्न पडतो: “व्हेंटिलेटर नको म्हटले, तर आपणच जीव घेतला असे होईल का?” कॅथलिक घरांत त्याला पापाची भीतीही जोडलेली असते. थोडक्यात उत्तर: नाही. मृत्यू घडवून आणणे आणि अटळ मृत्यू निष्फळ उपचारांनी लांबवत न राहणे, यांत चर्च फरक करते.

चर्च काय सांगते?

१९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी सांगितले की जीव जपण्यासाठी नेहमीचे उपाय करणे हे कर्तव्य आहे. फार मोठा भार टाकणारे उपाय करण्याचे बंधन नाही. व्हॅटिकनच्या १९८० च्या घोषणापत्रानुसार कुटुंबावर पडणारा अवाजवी खर्चही विचारात घेता येतो.

‘भार’ कसा ठरवायचा?

यंत्राच्या नावावरून नव्हे, रुग्णाकडे पाहून. न्यूमोनिया झालेल्या तरुणाला काही दिवस व्हेंटिलेटर लावणे योग्यच. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या अखेरीस तेच यंत्र फक्त यातना लांबवू शकते. लोहगडवाडीसारख्या डोंगरातल्या गावातून आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शहर गाठणे तरुणाला झेपेल. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कदाचित नाही.

काय थांबवू नये?

- स्वच्छता, कूस बदलणे, सोबत.
- अन्नपाणी. शरीर ते स्वीकारत असेल तोवर चर्च ही मूलभूत काळजी मानते.
- वेदनाशमन. मॉर्फिनचा हेतू वेदना कमी करणे हा असेल, तर चर्चची हरकत नाही. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने सहसा आयुष्य कमी होत नाही.

प्राणघातक इंजेक्शन मात्र चर्चला मान्य नाही आणि भारतीय कायद्यालाही नाही.

बरे होण्याची आशा नसलेल्या कर्करुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेण्यासाठी डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. तिथे सर्व धर्मांच्या रुग्णांची सेवा होते.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. सज्ञान व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करू शकते. इच्छापत्र असले तरी उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते.

डॉक्टरांना हे विचारा

१. या उपचाराने रुग्ण बरा होईल, की फक्त दिवस वाढतील?
२. त्याला त्रास किती होईल?
३. उपचार न केल्यास वेदना आणि धाप कशी आटोक्यात ठेवाल?

रुग्ण बोलू शकत असेल, तर आधी त्याला विचारा. निर्णय त्याचा आहे. फादरांनाही वेळेवर बोलावा. त्याचा अर्थ आशा सोडली असा होत नाही.

*ही सर्वसाधारण माहिती आहे. आपल्या रुग्णाबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*