एका दिवसाच्या वाटेवरचीं दोन हजार वर्षें

आमच्या शाळा-महाविद्यालयांतून इतिहास शिकविला जातो तो राजघराण्यांच्या अनुक्रमानें. सातवाहन एका प्रकरणांत, शिलाहार दुसऱ्यांत, आदिलशाही आणि मराठे त्यापुढें. मध्यें एखादी सुटी पडली कीं, पहिल्या प्रकरणांतील माणसें ज्या नदीचें पाणी प्यालीं तीच नदी शेवटच्या प्रकरणांतहि वाहत होती, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानांत राहत नाहीं. ह्या दोषावर कोल्हापूरकरांच्या हातीं एक सोपा उपाय आहे. पांच-पंचवीस मंडळींनीं मिळून पहांटे पंचगंगेच्या कांठावरून निघावें, पोहाळ्याचीं लेणीं पाहून जोतिबाचा डोंगर चढावा, आणि दिवस मावळण्यापूर्वीं पन्हाळा गाठावा. अंतर तीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. विद्यार्थ्यांच्या तुकड्यांबरोबर ही वाट मीं अनेकदां चालून पाहिली आहे.

निघण्याची जागाच मुळीं विचार करावयास लावणारी आहे. शिवाजी पुलाशेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकडींत १९४४ सालीं राजाराम महाविद्यालयाचे प्राध्यापक कुंदणगार यांनीं खणलें, तेव्हां ब्राँझच्या वस्तूंचा एक सांठा हातीं आला. त्यांत पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाची वीतभराहूनहि लहान अशी मूर्ति होती. पुढें १९४५-४६ सालीं डेक्कन कॉलेजचे सांकळिया आणि दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन नगराच्या विटा उजेडांत आणिल्या. ती मूर्ति आज टाऊन हॉलमधील संग्रहालयांत पाहावयास मिळते. बरोबरच्या मुलांना मी एवढेंच विचारतों कीं, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. मग समुद्राचा देव येथें आला कोणत्या वाटेनें? कोंकणच्या एखाद्या बंदरांत उतरून, घाट चढूनच तो आला असला पाहिजे. उत्तर तेथें पुरतें मिळत नाहीं. त्यासाठीं चालावें लागतें.

वडणगे, निगवे, कुशिरे हीं गांवें उंसाच्या फडांतून मागें पडतात आणि जोतिबाच्या डोंगराची काळी बाजू समोर येते. तिच्याच अंगांत पोहाळ्याचीं बौद्ध लेणीं कोरलेलीं आहेत. खांबांनीं तोललेला चौकोनी मंडप, त्याच्या भोंवतीं भिक्षूंच्या अरुंद कोठड्या, निजण्यापुरती जागा. अजिंठ्याचे रंग नाहींत, कार्ल्याची भव्यता नाहीं. तेव्हां पाहुण्यांचा पहिला उद्गार बहुधा निराशेचाच असतो. मात्र थोडा वेळ सावलींत बसलें, म्हणजे जागेची निवड बोलूं लागते. भिक्षूला गांव फार जवळ नको, कारण ध्यानांत कोलाहल येतो; फार दूरहि नको, कारण सकाळीं भिक्षापात्र घेऊन जावयाचें आणि मध्यान्हापूर्वीं भोजन उरकावयाचें असतें. आमच्यांतील एका चिकित्सक विद्यार्थ्यानें घड्याळ लावून लेण्यांपासून पायथ्याच्या वस्तीपर्यंतचें जाणें-येणें मोजलें, आणि भिक्षूंचा हिशेब बरोबर होता असा निकाल दिला! पावसाळ्याचे महिने भिक्षूंनीं एका ठिकाणीं राहावें हा संघाचा नियम; ह्या मुलखांतला आषाढ-श्रावण ज्यानें अनुभवला आहे, त्याला तो नियम धर्मशास्त्रांतून समजावून द्यावा लागत नाहीं.

ह्या कोरीव कामाला द्रव्य लागलें, तें कोणीं दिलें? खुद्द कोल्हापुरांत एकोणिसाव्या शतकांत एका स्तूपाच्या अवशेषांत स्फटिकाचा करंडक सांपडला. तो ज्या दगडी पेटींत होता, तिच्या झांकणावर ब्रह्म नांवाच्या माणसाचें दान आणि तें घडवून आणणारा धर्मगुप्त, एवढींच दोन नांवें ब्राह्मी लिपींत आहेत. राजा नाहीं, पदवी नाहीं. ज्या गांवांत समुद्रदेवाची मूर्ति विकत घेणारे लोक होते, त्याच गांवांत असे दातेहि होते, आणि लेण्यांना आश्रय मिळाला तो अशाच सधन वस्तीकडून, असें मानावयास हरकत दिसत नाहीं. पुढें हे दाते गेले, भिक्षु गेले. सह्याद्रींत ठिकठिकाणीं अशा कोठड्या ओस पडल्या आणि लोकांनीं त्यांचें कर्तृत्व पांडवांच्या नांवावर घातलें. ज्यांनीं छिन्नी चालविली त्यांचें नांव विसरल्यावर समाजानें निदान आपल्या ओळखीच्या वीरांना तरी तेथें वस्तीस आणिलें, ह्याचें मला कौतुकच वाटतें.

लेण्यांतून वर चढलें कीं, एकदम गुलाल. वाडी रत्नागिरीचें मूळ देऊळ किवळच्या नावजी साया यानें बांधलें असें सांगतात. त्या जागीं आजचें देऊळ १७३० सालीं राणोजी शिंदे यांनीं उभारिलें. राणोजींच्या एका पुत्राचें नांवहि ज्योतिबाच. शेजारचें केदारेश्वराचें देऊळ दौलतराव शिंदे यांचें, १८०८ सालचें. ह्या सनापाशीं मी नेहमीं थबकतों. १८०३ सालीं आसई आणि लासवाडी येथें दौलतरावांच्या फौजा मोडल्या, दिल्ली-आग्रा हातचें गेलें. आणि पांच वर्षांनीं तोच सरदार ग्वाल्हेरीकडून इतक्या दूरच्या डोंगरावर काळ्या दगडाचें देऊळ बांधवितो. राजकारणाच्या पुस्तकांत ही नोंद सांपडावयाची नाहीं. चैत्री पौर्णिमेस सासनकाठ्या नाचवीत लाखों लोक येथें येतात, त्यांतील बहुतेकांना दौलतराव ठाऊक नसतो. देऊळ मात्र त्यांच्या येण्यामुळेंच जागतें राहिलें आहे. खालचीं लेणीं त्याच डोंगरांत असून मुकीं, कारण तेथें कोणाची मानता नाहीं.

जोतिबाहून दाणेवाडी, गिरोली करीत पन्हाळ्याकडे जातांना सकाळच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. दोन डोंगरांच्या मध्यें रांग दबते, आणि तेथें वाघबीळापाशीं कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणारा रस्ता तिला ओलांडतो. मोटारी आजहि तेथूनच जातात, कारण दुसरी सोयीची जागा नाहीं. ज्याच्या हातीं पन्हाळा, त्याच्या हातीं ही वाट. म्हणूनच शिलाहार दुसरा भोज ११९१ च्या सुमारास येथें दरबार भरवीत होता. म्हणूनच यादव सिंघणानें त्याला येथें गांठून त्याचें राज्य बुडविलें, आणि यादवांच्या प्रशस्तिकारानें पन्हाळ्यावरील भोजाला सर्प व सिंघणाला गरुड म्हणून धन्यता मानिली. आदिलशहांनीं ह्याच कारणासाठीं तट वाढविले. पंचवीस हजार खंडी धान्य मावेल असें ज्याविषयीं सांगतात, तें गंगा कोठार कांहीं हौसेनें बांधिलेलें नव्हे.

पूर्वेकडून येणारा वाटसरू मात्र गडावर दरवाजा न ओलांडतांच शिरतो, आणि मुलें हटकून विचारतात कीं, एवढ्या किल्ल्याला दार कसें नाहीं? दार होतें, चार दरवाजा ह्या नांवाचें, भक्कम. १८४४ सालीं इंग्रजांच्या पाठबळावर आलेल्या कारभाऱ्याच्या नव्या व्यवस्थेनें वंशपरंपरेच्या गडकऱ्यांच्या हक्कांवर घाला पडूं लागला, तेव्हां ते उठले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच त्यांनीं पन्हाळ्यावर कोंडून ठेविलें. १ डिसेंबर १८४४ रोजीं तोफांनीं तट फोडून इंग्रज आंत शिरले आणि नंतर चार दरवाजा जमीनदोस्त झाला. १६६० च्या वेढ्यावर आमच्याकडे पोवाडे, नाटकें, बोलपट निघाले. १८४४ च्या माणसांची आठवण म्हणजे ही मोकळी जागा, आणि तिच्यावरून आम्ही चहाच्या टपरीकडे निघून जातों. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळा जागतिक वारशाच्या यादींत गेला. त्या निमित्तानें तरी ह्या जागेवर दोन ओळींचा फलक लागावा.

गडाच्या दुसऱ्या टोंकास तीन दरवाजा उभा आहे, तेथून सूर्य मावळतांना पश्चिमेकडचा मुलूख दिसतो. १२ जुलै १६६० च्या रात्रीं सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज त्याच बाजूस मसाईच्या पठारावरून निसटले, आणि दुसऱ्या दिवशीं घोडखिंडींत बाजीप्रभु पडले. त्या पठाराच्या कड्यांतहि लेणीं आहेत. त्यांना पांडवदरा म्हणतात. दरवर्षीं आषाढांत शेंकडों तरुण त्या रात्रीची आठवण ठेवून पावनखिंडीकडे चालत जातात. मसाईवर ते विसाव्यास टेंकतात, तेव्हां भिक्षूंच्या त्या रिकाम्या कोठड्या त्यांच्या पायांखालीं असतात.