बांगडा, मिरची आणि सोलं

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक वाद रंगला. विषय परिपत्रकाचा नव्हता, तळलेल्या बांगड्याचा होता! सेक्शनमधल्या एका ख्रिश्चन बाईंच्या डब्यात रेशाद बांगडा होता, माझ्या डब्यात रवा लावून तळलेला. "खरो गोंयचो खंयचो?" असा प्रश्न कुणीतरी टाकला. मी बी.ए.ला इतिहास घेतलेला, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. त्या दिवशी हसण्यावारी नेला, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आधी मिरची घेऊ. आल्बुकेर्कने गोवा जिंकला 1510 साली. मिरची मूळची अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आली. त्याआधी आपल्या पूर्वजांच्या माशाला तिखटपणा मिऱ्याचा. मुंबईकडे मिरचीला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत, यावरून ती कुठून पुढे गेली हे कळते. रेशाद हा शब्दही पोर्तुगीज, अर्थ 'भरलेला'. मिरची, लसूण, मसाला विनागरात वाटायचा आणि बांगड्याच्या पोटात भरायचा.

आता त्याच शतकातली दुसरी गोष्ट पाहा. तिसवाडी, बार्देश, सासष्टीतली देवळे मोडली गेली. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांच्या हाती तो गेला 1763 साली. धर्म सोडायचा नाही म्हणून माणसांनी घरेदारे सोडली, देव उचलून नदी ओलांडली. आणि मिरची? ती त्यांच्या मागोमाग नदी ओलांडून आली! फिरंगी म्हणून तिला कुणी परत पाठवल्याचे दिसत नाही. आज मंगेशीच्या आसपासच्या कुठल्याही घरात मिरचीशिवाय हुमण होत नाही.

विनागर मात्र आमच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. आंबटाला आमची सोलं होतीच आणि विनागर पडले माडाच्या सुरेचे, ही कारणे आहेतच. पण मला वाटते, आणखीही एक आहे. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, गोव्यात इन्क्विझिशन चालले. 1736 च्या त्यांच्या फर्मानात बाटलेल्या लोकांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घेऊ नये, अशीही मनाई आहे. सरकार भाताच्या मडक्यात डोकावू लागले, की चुलीवर काय चढते यावरून माणसाची जात-धर्म ओळखायची सवय दोन्ही बाजूंना लागते. एका घरात विनागर ही ओळख झाली, दुसऱ्या घरात सोलं.

आमची आई या दुसऱ्या घरातली. जन्मभर तिने विनागराची बाटली स्वयंपाकघरात येऊ दिली नाही. "आमकां सोलांच बरीं," एवढेच म्हणायची. तिची पद्धत ठरलेली. बांगडे साफ करून दोन्ही बाजूंनी चिरा द्यायच्या. मीठ, हळद आणि सोलांचे दाट पाणी लावून अर्धा तास ठेवायचे. मिठाने सुटलेले पाणी निथळून टाकायचे. ते राहिले तर मासा तळण्याऐवजी उकडतो. मग मिरचीचे वाटण लावायचे, पिठात घोळवायचे. बिडाच्या तव्यावर खोबरेल, मध्यम आंच, आणि मासा आपणहून तवा सोडेपर्यंत कालथा लावायचा नाही. घाई केली की कुरकुरीत साल तव्यालाच राहते.

पीठ कसले? इथे माझाच पराभव आहे. 1955 च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, ती 1961 च्या मुक्तीपर्यंत राहिली. बटाटे हॉलंडहून येत असत, असे ते दिवस. आजी सांगायची, घरात मूठभर रवा असला तर तो सणाच्या शिऱ्यासाठी. माशाला लावलेला कुणी पाहिला असता तर वेड्यात काढले असते. माशाला तांदळाचे पीठ. गहू आपल्याकडे पिकतच नाही, तो घाटावरचा. म्हणजे 'अस्सल' म्हणून मी मिरवत होतो तो रवा आमच्या घरात मुक्तीनंतर आला. बाईंचा रेशाद त्याच्यापेक्षा कितीतरी जुना!

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आई शेवटच्या आजारपणात जेवेनाशी झाली होती. याच बाईंनी आपल्या घरचा रेशाद मसाला बाटलीतून दिला होता. तो लावून बायकोने एक बांगडा तळला. आईने जवळजवळ अख्खा खाल्ला. मग विचारले, "आंबट कितें घालां?" मी म्हटले, "सोलां." ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "बरें जालां," म्हणाली.

तिला कळले होते की नाही, देव जाणे. खोटे बोललो याची टोचणी अजून आहे. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन.

परवा बाईंना निवाडा सांगितला, तुमचाच बांगडा जुना. त्या म्हणाल्या, "पूण तुजो कुरकुरीत!" दुसऱ्या दिवसापासून आम्ही डबे अर्धे अर्धे वाटून घेतो. आज मात्र सोमवार, माझ्या डब्यात शिवराक. बांगडा उद्या.